शेतकऱ्याचं नाव अन् कंपनीचं काम

कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, तूर फुलावर आली. त्याचं सविस्तर पुढच्या वेळी. आज मोबाईलवर लिहितो, कारण आता तोही शेतीच्या अवजारातच धरावा लागते.

२८ डिसेंबर २०१५ ला टाइम्स ऑफ इंडियात फेसबुकच्या मार्क झुकरबर्गचा लेख आला होता. त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला होता. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वर तो हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, त्याची शेती सुधारली. मग याला विरोध काहून, असा त्या लेखाचा सवाल.

गणेशला खरंच फायदा झाला असंल, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचं नाव कोणत्या कामाला लावलं ते पाहा.

फ्री बेसिक्स म्हणजे रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर ठरावीक वेबसाईट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. त्या यादीत यायचं तर फेसबुकच्या अटी पाळायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर अडत्यानं वावरात फुकट मेटॅडोर पाठवली, पण ती कोणकोणत्या दुकानापाशी थांबंल हे अडत्याच ठरवणार. भाडं वाचलं, पण माल कुठं विकायचा हे आपल्या हाती राहिलं नाही.

त्याच महिन्यात दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायनं लोकांचं मत मागवलं होतं. वेगवेगळ्या वेबसाईटला वेगवेगळा दर लावू द्यायचा काय, असा मुद्दा होता. फेसबुकनं वर्तमानपत्रात पानभर जाहिराती दिल्या. वापरणाऱ्यांपुढे तयार मजकूर ठेवला, बटन दाबलं की तुमच्या नावानं मत ट्रायकडे. अशी लाखो मतं गेली. पण ट्रायनं विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती, अन् ट्रायनं तसं फेसबुकला लेखी सुनावलं.

ग्रामसभेत कोणी आधीच लिहिलेला ठराव आणते अन् "फक्त सही करा" म्हणते, तसाच हा प्रकार. सह्या आपल्या, अक्कल दुसऱ्याची.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं असे भेदभावाचे दर बंद केले. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत फ्री बेसिक्स भारतातून गेलं.

काही जण म्हणतात, फुकट भेटत होतं तर गरिबाचं काय बिघडत होतं? त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले, अन् गावातल्या पोराच्या हाती पूर्ण इंटरनेट आलं. गरिबाला तुकडाच परवडते, हे खरं नव्हतं.

आता दुसरी बाजू. २० डिसेंबर २०२० ला दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांचं 'किसान एकता मोर्चा' हे फेसबुक पान काही तास बंद पडलं. ओरड झाल्यावर चालू झालं. यंत्रणेनं आपोआप स्पॅम समजलं, असं कंपनीनं सांगितलं. चूक म्हणून मान्य करू. पण पाच वर्षांआधी शेतकऱ्याच्या नावानं बोलणारी अन् आंदोलनात शेतकऱ्याचं तोंड काही तास बंद करू शकणारी कंपनी एकच, हे ध्यानात ठेवा. तिला आपण निवडून दिलं नाही, पाच वर्षांनी पाडताही येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपही २०१४ पासून तिचंच.

मी हे वापरणं सोडा म्हणत नाही. मीही याच्यावरच लिहितो. माझं म्हणणं एवढंच की आपल्या नावानं दुसऱ्याला बोलू देऊ नका. इंटरनेट असो, बियाणं असो की बाजार समितीचा कायदा, सरकार हरकती मागवते तेव्हा तयार बटन दाबू नका. मराठीत दोन ओळी लिहा, पण आपल्या लिहा. अन् "शेतकऱ्याच्या हितासाठी" अशी पानभर जाहिरात दिसली की पहिले पाहा, पैसे कोणाचे.

सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातले अन् कृषी विभागातले साहेबही हे वाचत असतील तर एक विनंती. फवारणीचा, बोंडअळीचा सल्ला नुसता व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकून थांबू नका. ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. गट बंद पडला तरी अळी थांबत नाही.

तुमच्या गावात सल्ला कुठून येते, ते खाली लिहा.