परत आलेल्या अवजाराचा हिशेब

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव घसरला की विधिमंडळात आवाज उठतो, आणि तो चढला की दिल्लीचे आसन डळमळू लागते. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा निफाड-चांदवडच्या शेतकऱ्यांना याचा पुन्हा एकदा प्रत्यय आला. भावासाठीचा लढा आवश्यकच आहे. परंतु ज्या उत्पादनखर्चावर त्या भावाचे न्याय्यपण मोजले जाते, त्याची छाननी मात्र क्वचितच होते. त्या खर्चातील एक वाढता भाग म्हणजे अवजारांचे भाडे.

2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारणा 1.34 हेक्टर होती. एवढ्या जमिनीवर ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, वाफे पाडणारे यंत्र आणि फवारणीचा ब्लोअर यांची खाजगी मालकी परवडणे शक्य नाही. म्हणून अवजारे भाड्याने घेणे अपरिहार्य ठरते. 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून अवजार बँकांना आणि भाडे-केंद्रांना अनुदान मिळू लागले. 2019 मध्ये अवजारे नोंदविण्यासाठी मोबाइल अॅपही आले. तत्त्व म्हणून हे सारे स्वागतार्ह आहे. साधनांची सामाईक मालकी हा समाजवादी विचाराचा जुनाच आग्रह आहे.

परंतु या योजनांचे सारे लक्ष अवजार विकत घेण्यावर आणि ते बाहेर पाठविण्यावर खिळलेले असते. खरेदीला अनुदान आहे, उद्घाटनाला पुढारी आहेत. अवजार परत आल्यावर मात्र त्याच्याकडे पाहणारा कोणी नसतो. काळ्या चिकण मातीत दिवसभर फिरलेला रोटाव्हेटर तसाच शेडमध्ये उभा राहतो, त्याची पाती झिजलेली असतात, बेअरिंगला वंगण नसते. ब्लोअरची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. या तालुक्यात ऊस आणि द्राक्ष शेजारी शेजारी पिकतात. उसातील तणांवर वापरले जाणारे 2,4-डी हे तणनाशक द्राक्षवेलीला अत्यल्प प्रमाणातही बाधते. टाकी आणि नळ्या नीट न धुता तो पंप दुसऱ्या दिवशी बागेत गेला, तर एका वर्षाचे पीक हातचे जाते. येथे धुणे म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे. ते पुढच्या शेतकऱ्याच्या पिकाचे संरक्षण आहे.

आणि हा पुढचा शेतकरी कोण असतो? ज्याच्याकडे रोख आहे, ओळख आहे, तो हंगामाच्या आरंभी सुस्थितीतील अवजार उचलतो. रांगेच्या शेवटी उभा असतो तो अल्पभूधारक. त्याच्या वाट्याला झिजलेले अवजार येते, भाडे मात्र तेवढेच द्यावे लागते. मालकी सामाईक असूनही झिजेचा भार असा दुर्बळाच्या माथी पडतो.

शहरांतील भाडे-व्यवसायाने हा प्रश्न आपल्या नफ्यासाठी सोडविला आहे. भाड्याने दिलेले पलंग, कपाटे, शीतपेट्या परत आल्या की गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूची तिच्या स्वतंत्र क्रमांकाने नोंद होते. मग तपासणी, धुलाई, दुरुस्ती, चाचणी असे टप्पे ठरलेले असतात. एक टप्पा पुरा झाल्याविना वस्तू पुढे सरकत नाही आणि चाचणी उतरल्याखेरीज ती पुन्हा भाड्याने देता येत नाही. कोणता सुटा भाग किती शिल्लक आहे, कोणती वस्तू वारंवार बिघडते, हेही तेथे दिसते. वस्तू जितक्या वेळा पुन्हा बाहेर जाईल तितका मालकाचा नफा वाढतो, हे या काटेकोरपणाचे रहस्य आहे.

असा काटेकोरपणा केवळ नफ्याच्या प्रेरणेनेच येतो, हे मात्र खरे नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून गाडी आगारात परतल्यावर धुवायची, तपासायची आणि बिघाडाची नोंद करायची, हा सार्वजनिक क्षेत्राचाच परिपाठ आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या गाड्यांना नवा जन्म मिळाला, तो कामगारांच्या कौशल्यामुळे. सहकारी साखर कारखानेही गाळप संपल्यावर यंत्रे उघडून त्यांची दुरुस्ती करतात. मग लासलगाव आगारातील बसला लागू असलेला नियम गावच्या रोटाव्हेटरला का लागू होऊ नये?

याचे उत्तर हिशेबात आहे. समजा, एक अवजार 1,20,000 रुपयांचे असून ते 6 वर्षे टिकते आणि वर्षाला 400 तास चालते. तर तासाला 50 रुपये केवळ घसाऱ्याचे झाले. दुरुस्ती व मजुरी त्याहून वेगळी. अनुदान मिळाले म्हणून अवजार फुकट आले असे समजून घसारा बाजूला न काढणारी संस्था नफा कमावीत नसते, ती आपले भांडवल खात असते. भाडे स्वस्त ठेवल्याची टाळी आज मिळते, आणि सहा वर्षांनी शेडमध्ये भंगार उरते.

ही दुरुस्ती करण्याची संधी आज उपलब्ध आहे. जून 2022 मध्ये केंद्राने 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. 31 मे 2023 रोजी मान्य झालेल्या सहकारी धान्यसाठवण योजनेत याच संस्थांच्या पातळीवर गोदामांबरोबर अवजारांची भाडे-केंद्रेही अभिप्रेत आहेत. म्हणजे गोदाम, अवजार आणि संगणक एकाच विकास सोसायटीच्या छताखाली येऊ शकतात. त्या संगणकात केवळ कर्जाच्या नोंदी राहणार की परत आलेल्या अवजाराची स्थितीही नोंदली जाणार, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे.

अर्थात संगणक स्वतः बोल्ट आवळीत नाही. हाती पाना घेणारा गावातला तरुण कारागीर या व्यवस्थेचा कणा आहे. त्याला हंगामापुरता रोजंदारीवर राबवायचे आणि यंत्र बिघडले की नोंद दाखवून त्याचीच मजुरी कापायची, असा त्या नोंदीचा उपयोग होऊ लागला, तर सहकाराने कारखानदाराचाच कित्ता गिरविला असे होईल. त्याला बारमाही वेतन, प्रशिक्षण आणि अपुरे अवजार रोखून धरण्याचा अधिकार मिळाला पाहिजे, मग ते अवजार अध्यक्षांच्या शेतावर जाणारे का असेना.

म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेत कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. भाड्यातून घसारा व दुरुस्ती निधी वेगळा काढावा. तपासणी झाल्याखेरीज कोणतेही अवजार पुन्हा बाहेर जाऊ नये. आणि प्रत्येक अवजाराची स्थिती व रांगेतील क्रम कोणाही सभासदाला पाहता येईल असा जाहीर असावा. सामाईक मालकीची कसोटी खरेदीच्या दिवशी लागत नाही. रांगेतल्या शेवटच्या शेतकऱ्याच्या हाती अवजार कोणत्या स्थितीत पडते, तेथेच ती लागते.