हिशेबाची वही कोणाच्या हाती?

स्त्रियांसाठी काहीतरी करावे, ही इच्छा आपल्या समाजात नवी नाही. गणेशोत्सव असो, महाराष्ट्र दिन असो की संक्रांतीचे हळदीकुंकू असो, बहारीनमधील मराठी मंडळी एकत्र जमली की गावाकडच्या भगिनींसाठी चार पैसे बाजूला काढण्याचा विषय निघतोच. त्यामागची भावना चांगली आहे, तिच्याविषयी शंका नाही. परंतु भावना चांगली असली म्हणजे काम चांगले होतेच असे नाही. कोठे शिलाई यंत्रे वाटली जातात, कोठे पापड-लोणच्यांचे प्रशिक्षण भरते, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होते, छायाचित्र निघते आणि विषय संपतो. वर्षभराने ते यंत्र चालते की माळ्यावर धूळ खात पडले आहे, हे पाहायला कोणी जात नाही.

स्त्री-पुरुष समानतेच्या कार्यक्रमांचा दर्जा कसा वाढवावा, यावर जगभर बोलले जाते. भागीदारी आणि नवे उपाय हे दोन शब्द त्यात नेहमी येतात. शब्द मोठे आहेत, पण त्यांचा अर्थ आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतील बायकांनी फार सोपा करून दाखविला आहे. ज्या कार्यक्रमात निर्णय बाईचा आणि हिशेबाची वही बाईच्या हाती, तो कार्यक्रम टिकतो. ज्यात ती केवळ घेणारी असते, तो छायाचित्रापुरता उरतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि त्याला पुरावा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जी गावे पार उद्ध्वस्त झाली, त्यांचे पुनर्वसन सरकारने नव्या जागी केले. परंतु जेथे घरे उभी होती पण खिळखिळी झाली होती, अशी गावे कितीतरी अधिक होती. तेथे घरमालकाला हप्त्याने पैसे देऊन त्यानेच घर दुरुस्त व मजबूत करावे, अशी योजना जागतिक बँकेच्या मदतीने आखली गेली. कागदावर योजना उत्तम, गावात मात्र ती हलेना. पैसे कसे मिळतात, भिंतीत काय घालायचे, इंजिनियर कधी येणार, हे लोकांना कळतच नव्हते.

तेव्हा सरकारने प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला सोबत घेतले, आणि संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना. मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या. त्या घरोघर जात, योजना समजावून सांगत, भिंत सांगितल्याप्रमाणे बांधली जाते की नाही हे पाहत आणि गावाच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. बाराशेहून अधिक गावांत हे काम चालले. घरात राहणारी, सारवणारी, भिंतीची प्रत्येक भेग ओळखणारी बाई प्रथमच घराच्या बांधकामाविषयी बोलू लागली आणि अडलेले काम पुढे सरकले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील याच भगिनी तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. मदत घेणारी बाई मदत शिकविणारी झाली. भागीदारी म्हणतात ती ही.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे. माण तालुका कायमचा दुष्काळी. तेथील कष्टकरी बायकांना चार पैसे साठविण्यासाठी खाते हवे होते, पण एवढ्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँका तयार नव्हत्या. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढण्याचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका हटल्या नाहीत. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हांला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी विचारून पाहा. १९९७ साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली.

पुढे या बँकेत जे नवे उपाय निघाले, त्यांचे मूळ बायकांच्या सांगण्यातच होते. रोजंदारी बुडवून बँकेत येणे परवडत नाही, म्हणून बँक त्यांच्या दारी गेली. पासबुक घरी ठेवले तर शिल्लक किती हे नवऱ्याला कळते आणि पैसे जातात, म्हणून कार्ड आले. कार्डाला गुप्त आकडा देण्याचे ठरले, तेव्हा बायकांनीच सांगितले की आकडा कोणीही काढून घेईल, अंगठा कोण चोरणार? शहरात बसून योजना आखणाऱ्याच्या डोक्यात ही गोष्ट येणे कठीण. जिच्या पदराला गाठ मारलेले पैसे रोज धोक्यात असतात, तिलाच ती सुचते.

सरकारनेही यातून काही धडा घेतला. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने, २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या सहाय्याने ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राबविला. त्यात केवळ बचत गट काढून काम थांबले नाही. गटांचे संघ बांधून ‘लोकसंचालित साधन केंद्रे’ उभारली गेली. केंद्राचे कारभारी मंडळ बायकांचे, आणि केंद्राचा खर्च सेवाशुल्कातून त्यांनीच भागवायचा. कार्यक्रमाचा काळ संपला तरी केंद्र उभे राहावे, हा त्यामागचा विचार. मराठवाड्यातील दुष्काळात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने बायकांना एकच गोष्ट घरी मागायला शिकविले: शेतातला एक एकर आमच्याकडे द्या, त्यात काय पेरायचे ते आम्ही ठरवू. नगदी पिकाऐवजी त्यांनी डाळी, भाजीपाला, ज्वारी-बाजरी पेरली आणि घरच्या ताटात अन्न आणले. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.

यावर कोणी म्हणेल, बायकांना आधीच कामे कमी आहेत का? पाणी, चूल, मुले, शेत, आणि वर तुमच्या सभा व वह्या! हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. समानतेच्या नावाखाली बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढविणारे कार्यक्रम पुष्कळ आहेत. म्हणूनच दर्जाची एक कसोटी अशीही असली पाहिजे की, या कार्यक्रमामुळे तिचे कष्ट वाढले की कमी झाले? ती सभेला जाते तेव्हा घरी भाकरी कोण करतो? पुरुष त्या प्रश्नात उतरला नाही, तर ती भागीदारी अर्धीच.

आपण ज्या बेटावर राहतो, त्याचा अनुभवही निराळा नाही. बहारीनमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा १९२८ साली मुहर्रकमध्ये निघाली आणि स्त्रियांची पहिली संघटना १९५५ साली. २००१ साली महिलांची सर्वोच्च परिषद स्थापन झाली. २००२ च्या निवडणुकीत स्त्रियांनी मत दिले, उमेदवारीही केली, पण एकही निवडून आली नाही. नुसता हक्क दिल्याने काम होत नाही, हे त्यातून दिसले. त्यानंतर परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर स्त्री उमेदवारांच्या तयारीचे काम हाती घेतले. २००६ साली लतीफा अल गऊद बिनविरोध निवडून आल्या. त्यांचा मतदारसंघ दक्षिण प्रांतातला, म्हणजे आपले झल्लाक ज्या प्रांतात येते तोच. २०२२ साली चाळीस जागांपैकी आठ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. शून्यापासून आठपर्यंत यायला वीस वर्षे लागली. दर्जाच्या कामाला वेळ लागतो, आणि त्याचा पिच्छा सोडून चालत नाही.

आता आपल्याविषयी. आपण येथे मूठभर आहोत, सरकारी योजना आखणे आपले काम नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, देणगीची. गावाकडे पैसे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: ही मागणी बायकांनी स्वतः केली का? पैशाचा हिशेब कोण ठेवणार? आणि दोन वर्षांनी पाहायला कोण जाणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर थांबावे. पन्नास यंत्रे वाटण्यापेक्षा एका गटाला तीन वर्षे साथ देणे अधिक मोलाचे आहे, मग त्याचे छायाचित्र निघो न निघो.

दुसरी, आपल्या स्वतःच्या मंडळांची. स्त्रियांसाठी कार्यक्रम ठरतो तो बहुधा मनामात आणि संध्याकाळी. झल्लाक, अवालीकडे राहणाऱ्या, गाडी नसलेल्या, लहान मूल कडेवर असलेल्या भगिनीने तेथे पोहोचायचे कसे? कार्यक्रम कधी आणि कोठे व्हावा, हे आधी तिला विचारा, येण्या-जाण्याची सोय करा, नाहीतर कार्यक्रमच तिच्या भागात न्या. म्हसवडची बँक दारी जाऊ शकते, तर मंडळही जाऊ शकते. आणि स्वागत समिती व फराळ समिती एवढ्यावरच भगिनींना थांबवू नका, खजिनदाराची वहीही त्यांच्याकडे द्या. वर्षानुवर्षे भिशी चालविणाऱ्या, एका फिल्साचाही घोळ होऊ न देणाऱ्या बायकांना हिशेब जमणार नाही, असे कोण म्हणेल?

तिसरी गोष्ट घरातली, आणि तीच सर्वांत अवघड. आखातात कमावलेल्या पैशांतून पुण्या-ठाण्यात, रत्नागिरीत घर होते. ते कोणाच्या नावे असते? ‘माविम’च्या ‘घर दोघांचे’ मोहिमेने खेड्यापाड्यांतील घरे पती-पत्नी दोघांच्या नावे करून दाखविली. त्याच्याही आधी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला, तेव्हा शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कोरडवाहू शेतकऱ्याला जे जमले, ते आपल्याला का जमू नये? महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, २००५ साली तो कायदा देशभर लागू झाला. तरीही सुट्टीवर गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. कर्ता माणूस अचानक गेला, तर खाते कोणते, विमा कोठे, वारस म्हणून नाव कोणाचे, हे पत्नीला ठाऊक नसते. व्यासपीठावरून समानतेचे भाषण करण्यापूर्वी कपाटातली ही कागदपत्रे दोघांनी मिळून एकदा पाहावीत.

आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईलाही विसरू नये. बहारीनच्या २०१२ च्या कामगार कायद्याने घरकामगारांनाही वार्षिक रजा आणि सेवा संपताना मिळणारी रक्कम यांचा हक्क दिला आहे. तिच्या कराराची प्रत तिच्याजवळ आहे का? तिचा पासपोर्ट तिच्याच हाती आहे का? गावाकडच्या भगिनीला देणगी आणि घरातल्या भगिनीला रजा नाही, हा हिशेब जुळणारा नव्हे.

येत्या संक्रांतीला वाण लुटताना डबे आणि वाट्यांबरोबर एक कोरी वहीही द्यावी, अशी आमची सूचना आहे. पहिल्या पानावर घराची खाती, कागद आणि नावे पती-पत्नीने एकत्र बसून लिहावीत. खर्च थोडा आहे, पण काम मोठे होईल.