दोष मोबाइलचा कीं वडील मंडळींचा?

‘मोबाइलनें मुलें बिघडलीं,’ हें वाक्य हल्लीं नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांत दिवसांतून दोनदां तरी ऐकूं येतें. आणि बोलणाऱ्याच्या हातांत त्या वेळीं बहुधा मोबाइलच असतो! कॉलेजांतील मुलांची अपुरी झोंप, डोळ्यांची जळजळ, मानेचें दुखणें, चिडखोरपणा या तक्रारी खोट्या आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं पडद्याच्या प्रकाशानें झोंप आणणारें मेलाटोनिन कमी स्रवतें, हें शरीरशास्त्र सांगतें. पडद्यावरील खेळांच्या आहारीं जाणें हा विकार होय, असें जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१९ सालीं मान्य केलें. आमचा वाद आहे तो आरोपी ठरविण्याच्या पद्धतीशीं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनीं १९९८ सालीं इंटरनेटच्या व्यसनाची वीस प्रश्नांची कसोटी पुढें आणली. अशा कसोट्या लावल्या म्हणजे ‘जेथें इंटरनेट फार, तेथें झोंप कमी व उदासीनता अधिक’ असें पुष्कळदां आढळतें. परंतु कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, एवढ्यावरून फांदी कावळ्यानेंच मोडली असें ठरतें काय? मोबाइलमुळें झोंप उडते हें जितकें खरें, तितकेंच झोंप येत नाहीं म्हणून मोबाइल उघडला जातो हेंही खरें. मग नुसता मोबाइल हिसकावून अर्धाच रोग हटणार!

उरलेला अर्धा रोग कोठें आहे? किनवट-मुखेडचीं, उदगीर-अहमदपूरचीं मुलें शिकवण्यांसाठीं घर सोडून भाड्याच्या खोलींत राहतात. दिवसभर वर्ग, रात्रीं पाठांतर. ना मैदान, ना सवंगडी, ना आईची हांक. पुढें विद्यापीठांत येतांना हा एकटेपणा तीं बरोबर घेऊनच येतात. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें. २०२० च्या टाळेबंदींत आम्हींच वर्ग पडद्यावर नेले. प्रवेशाचे अर्ज, वेळापत्रकें, निकाल, सारें तेथेंच. मुलास विहिरीवर आपणच नेऊन बसवावयाचें आणि पाणी प्यालास म्हणून आपणच रागें भरावयाचें, हा कोठला न्याय?

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या खेड्यानें २०२२ सालीं निराळा मार्ग दाखविला. सायंकाळीं सात वाजतां भोंगा झाला कीं दीड तास मोबाइल व दूरदर्शन बंद, असा नियम गांवानें केला. आणि तो केवळ मुलांस नव्हे, थोरांसही लावला. खेड्यास जें सुचलें तें विद्यापीठास कां सुचूं नये? नांदेडचें विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें तें स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें, म्हणजे मूळच्या एका शिक्षकाच्याच नांवानें. त्याच्या कॉलेजांनीं रात्रीं सूचना धाडूं नयेत, मैदानें व ग्रंथालयें उशिरापर्यंत उघडीं ठेवावीं, आणि मनाच्या दुखण्यासाठीं असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहांच्या भिंतींवर ठळक लिहावा. यांतील एकाही गोष्टीस मोठासा खर्च नाहीं.

आणि वडील मंडळींनीं? मुलाच्या उशाखालीं हात घालण्यापूर्वीं स्वतःच्या उशाखालीं काय आहे, तें एकदां पाहावें.