अर्धवट कामाची जागा

दोस्तांनो, सुप्याहून सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. (बारामतीजवळचं सुपं नव्हे बरं का, हे पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं.) तिकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. त्या बघून तिनं पुठ्ठ्याची पवनचक्की करायला घेतली. दोन दिवस ओसरीवर बसून पाती कापली, खांब चिकटवून वाळत ठेवला. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. घाईघाईनं घर आवरलं गेलं आणि पाती गेली थेट बंबात! आता तिचा प्रश्न असा, की मला माझी स्वतःची खोली कधी मिळणार?

खरं सांगू? दोन खोल्यांत पाच माणसं राहत असली, तर इतक्यात नाही मिळणार. पण पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काम करायला तिला जागा मिळालीच होती की! नडलं ते नंतर. काम अर्धवट राहिलं आणि त्या अर्धवट कामाला घरात जागा नव्हती.

यावरून दादासाहेब फाळके आठवले. 1912 साली त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला, तेव्हा त्यांच्याजवळ तयार स्टुडिओ कुठला असायला? दादरच्या बंगल्यात बिऱ्हाड, तिथंच कामाची जागा. सिनेमा काय असतो हे लोकांना पटवायला त्यांनी काय केलं ठाऊक आहे? एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. बी रुजतंय, अंकुर येतोय, वेल वर चढतोय, याचं थोडं थोडं चित्रण महिनाभराहून जास्त दिवस चाललं. तयार फिल्म निघाली एका मिनिटाहून थोडी मोठी! विचार करा, मुलाबाळांच्या घरात ती कुंडी इतके दिवस कुणी हलवली नाही. पुढं 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तर सरस्वतीबाई फाळके रसायनं कालवत, फिल्मला भोकं पाडत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही बघत. 3 मे 1913 रोजी तो चित्रपट मुंबईत लागला.

चला, आता आपला स्टुडिओ. त्याला लागते एक फळी. दोन फूट बाय तीन फुटांचा प्लायवूडचा तुकडा, नाहीतर जुन्या खिडकीचं झडप. चित्रकलेचा मोठा कागद 22 बाय 30 इंचांचा असतो, तो हिच्यावर पुरा मावतो. फळी दोन डब्यांवर ठेवली की टेबल झालं. भिंतीला टेकवली की चित्राचा घोडा. सकाळी ओसरीवर, दुपारी पत्रा तापला की आत. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायची चोरी असते, तिथंही हे चालतं.

मात्र काम थांबवताना फळीवरचं काही उचलायचं नाही. अख्खी फळी, आहे तशी, खाटेखाली सरकवायची. म्हणून सुरुवात करण्याआधी खाटेखालची उंची मोजा. ती नऊ इंच असेल आणि तुमची पवनचक्की दीड फुटाची, तर भाग सुटे करा आणि जोडणी शेवटच्या दिवशी. यात कमीपणा काही नाही. खऱ्या पवनचक्कीची पातीसुद्धा ट्रेलरवरून सुटीच येतात आणि डोंगरावर जोडली जातात.

कात्री, डिंक, ब्रश यांना एक कडीचा डबा पुरे. ब्लेड मात्र वेगळ्या डबीत आणि धाकट्यांच्या हाताबाहेर.

उजेड डाव्या हाताकडून यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. (डावखुऱ्यांनी उलटं बसावं.) उत्तरेची खिडकी किंवा दार मिळालं तर उत्तम. आपल्याकडे वर्षातला बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेचा उजेड सौम्य आणि दिवसभर जवळपास सारखा असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, तेवढे दिवस दुपारचं ऊन सांभाळा. आणि वारा! जिथं पवनचक्क्या फिरतात तिथं कागद का स्वस्थ बसणार आहेत? कपड्यांचे चार चिमटे फळीच्या कडांना लावून टाका.

आता ही पुढची ओळ आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवा. आईबाबा, खाटेखालची तेवढी जागा द्या आणि फळीवरचं काही टाकायचं असेल तर आधी विचारा. तुम्हाला तो कचरा वाटेल. चालेल, पण विचारा. मुलांनीही आपली बाजू सांभाळायची. फळीवर चिठ्ठी लावायची : काय करतोय आणि कोणत्या तारखेला संपेल. तारीख उलटून आठ दिवस झाले आणि कामाला हातही लागला नाही, तर आईनं झाडू घेतला म्हणून रडायचं नाही. चिठ्ठीशिवाय पुठ्ठ्यांचे ढीग साठवणारे वीर मीही पाहिलेत. (लहानपणी आरशातच पाहिला एक.)

तुमची जागा टिकते का, हे बघायचंय? एका डब्यात माती घालून चार वाटाणे पेरा. डबा कुठं ठेवला तिथं जमिनीवर खडूनं गोल आखा. तुम्ही बसता तिथं दुसरी खूण करा. रोज त्याच जागेवरून एका छोट्या वहीच्या उजव्या पानावर रोपाचं एक चित्र काढा, कडेलाच, पेन्सिलीनं. तीस दिवस, तीस पानं. मग अंगठ्यानं पानं भरभर सोडा. वाटाणा रुजताना दिसेल. मध्येच एखाद्या पानावर डबा उडी मारून दुसरीकडे गेलेला दिसला, तर त्या दिवशी घर कुणी झाडलं ते शोधून काढा.