बेळगावचा फडेप्पा

खडवलीत भल्या पहाटे पोरे रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी, दुसरे काय! सोळाशे मीटर पळायचे आणि घड्याळाकडे बघायचे. या पोरांना एक नाव सांगावेसे वाटते, फडेप्पा दरेप्पा चौगुले. गाव बेळगाव. शंभर वर्षांपूर्वी हा गडी ऑलिंपिकला धावला.

त्याचे असे झाले. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती भरल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे, पायात काही नाही, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या नामवंत धावपटूंच्या जवळपास जातात, हे दोराबजींच्या लक्षात आले. मग त्यांनी पुढाकार घेतला, स्वतःचा पैसा घातला आणि १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पला हिंदुस्थानचे पथक रवाना झाले.

पथकात बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. ते शंभर आणि चारशे मीटर धावले, पण पहिल्याच फेरीत बाहेर पडले. पैलवान रणधीर शिंदे चौथे आले, त्यांचे पदक थोडक्यात हुकले. त्या मानाने त्यांचे नाव आपल्या तालमींतही फारसे निघत नाही, याचे नवल वाटते.

फडेप्पाची शर्यत मॅरेथॉनची. त्या वर्षी अंतर होते ४२.७५ किलोमीटर. रेल्वेच्या अंतराने खडवलीहून कल्याणला जाऊन परत आलो, तरी एवढे भरत नाही! फिनलंडचा कोलेमाइनेन पहिला आला, २ तास ३२ मिनिटांत. आपला फडेप्पा २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचला, एकोणिसावा. सोबतच्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

आता भरतीवाल्यांनी हिशेब मांडावा. फडेप्पाचा वेग किलोमीटरला चार मिनिटे पडतो, म्हणजे सोळाशे मीटर सुमारे साडेसहा मिनिटांत. तुम्ही म्हणाल, यात काय, आम्ही याहून लवकर पळतो. खरे आहे. पण त्याने तेवढेच अंतर त्याच वेगाने सव्वीस वेळा काढले आणि वर आणखी किलोमीटरभर धावला. सुरुवातीलाच सगळा दम खर्च करणाऱ्याला हे जमायचे नाही. बैल नांगराला जुंपला की पहिल्याच तासात पळवत नाहीत, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये त्याच्या वरचा नंबर भारताला मिळाला तो थेट १९७६ साली, मॉंट्रियलला. शिवनाथसिंग अकरावे आले, वेळ २ तास १६ मिनिटे. मधे छप्पन्न वर्षे गेली होती.

पुढे माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ मध्ये पॅरिसला, दोघेही स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावले. दोघेही शेतकऱ्यांच्या घरचे.