कोजागरीला पत्ते मी आणणारच!



परवा आपल्या ग्रुपवर एक सूचना आली. "यंदा कोजागरीला हॉलमध्ये कोणीही पत्ते आणू नयेत, मुलांवर वाईट संस्कार होतात." त्याखाली सतरा अंगठे पडले. माझा नाही. का नाही, ते सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या, पंच्याहत्तरीतल्या माणसाला थोडक्यात बोलता येत नाही.

आधी संस्कारांचंच बोलू. कोजागरीच्या व्रतातच रात्र जागवायला अक्षक्रीडा सांगितली आहे. म्हणजे चांदण्यात खेळायला बसणं ही काही आमच्या पिढीने काढलेली टूम नाही. उलट आता आपण काय करतो? भाषणं, आरती, मसाला दूध, आणि साडेदहाला जो तो आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून. "को जागर्ति" म्हणत लक्ष्मी आली तर तिला फक्त डोक्यांचे भांग दिसतील.

आता पत्त्यांच्या बदनामीबद्दल. इथल्या तेलुगू पेपरात सारखी 'पेकाट' खेळणाऱ्यांना अटक झाल्याची बातमी असते. तेलुगूत पेकाट म्हणजे पत्त्यांचा खेळ, आणि आपल्या मराठीत पेकाट कशाला म्हणतात ते सांगायला नको. आमची आई ती बातमी ऐकली की म्हणायची, "बरोबरच आहे, पेकाट खेळणाऱ्याच्या पेकाटातच बसली पाहिजे." घरात हसू व्हायचं, पण भीती खरी होती. आदिलाबाद हे कापसाचं गाव. दिवाळीनंतर मार्केट यार्डात गाड्या लागायच्या, हातात रोख पैसा यायचा आणि कुठेतरी आडोशाला तीन पत्तीचा फड बसायचा. त्याचा शेवट मी काउंटरच्या अलीकडून पाहिला आहे. कापूस विकलेला माणूस पीककर्जाचा हप्ता भरायला यायच्या ऐवजी मुदत मागायला यायचा, मान खाली घालून. काय झालं ते आम्ही विचारत नसू. तेव्हा सूचना लिहिणाऱ्याची काळजी मला कळते. पण तीन पत्ती आणि तीनशेचार यांच्यात 'तीन' सोडून काहीही सारखं नाही.

तरुण मंडळींना तीनशेचार माहीत नसेल, म्हणून सांगतो. चार जण बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. कॅटमधली दुरीपासून छक्कीपर्यंतची पानं काढून टाकली की ३२ उरतात. या खेळात सगळ्यात मोठा गुलाम, त्याचे ३० पॉइंट. मग नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, अठ्ठी-सत्तीला भोपळा. एका रंगाचे झाले ७६, चार रंगांचे ३०४. म्हणून हे नाव. आधी प्रत्येकाला चारच पानं वाटायची. तेवढ्यावर बोली करायची, की आम्ही दोघं मिळून इतके पॉइंट करू. आमच्याकडे १६० पासून सुरुवात, कारण निम्मे होतात १५२ आणि त्याच्या खाली बोलण्यात काही मर्दुमकी नाही. सगळ्यात जास्त बोलणाऱ्याने हातातलं एक पान पालथं ठेवायचं, तो रंग हुकूम. मग उरलेली चार पानं वाटायची. ज्या रंगाची उतारी तोच रंग टाकायचा. तो नसेल तर "हुकूम दाखवा" म्हणायचं आणि हुकमाने हात कापायचा. आठ हात झाले की मोजदाद. बोललेले पॉइंट झाले तर जिंकलात, एक कमी पडला तरी गेलात. घराघरात नियम थोडे बदलतात, गाभा हाच.

यात पैसा कुठे आला? पणाला लागतो तो शब्द, तोही समोर बसलेल्या आपल्याच माणसांपुढे.

समजा, पहिल्या चार पानांत इस्पिकचा गुलाम, नव्वी आणि सत्ती आली, आणि बदामचा एक्का. नवखा बेरीज करतो, ६१. छाती फुगते आणि २२० बोलून बसतो. मुरलेला माणूस हिशेब वेगळा करतो. हुकूम इस्पिक केला तर गुलाम-नव्वीचे ५० पक्के, हे आपलं तारण. बदामचा एक्का ही नुसती येणी. कोणाकडून बदामचा गुलाम नाहीतर नव्वी पडली की बुडाली. बाकीचा सगळा भार अजून न आलेल्या चार पानांवर आणि भिडूवर. भिडू म्हणजे जामीनदार, पण त्याला "तुझ्याकडे काय आहे" असं विचारता येत नाही. तो कुठे पुढे बोलला आणि कुठे पास म्हणाला, त्यावरून ओळखायचं. मी बत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. बी.कॉम.ला शिकलेलं बरंचसं विसरलो, पण ऐपत बघून बोलायचं, हे तीनशेचारने शिकवलेलं विसरलो नाही.

शिकलो कुठे, तर आगगाडीत. १९७० च्या सुमाराला मी नांदेडला कॉलेजात होतो. आदिलाबादहून मुदखेडला जाणारी मीटरगेजची गाडी. किनवट गेलं की आम्ही चौघं गुडघ्यांवर पंचा ताणायचो आणि भोकर येईपर्यंत डाव चालायचा. घरी तोवर फक्त मेंढीकोट माहीत. तीनशेचार आम्हाला शिकवला तो कोकणातून किनवटला बदलून आलेल्या एका मास्तरांनी. तो मी घरी आणला. वडिलांची अट एकच, पैशाचं नाव काढलं की पत्ते चुलीत. एकदा मी असाच वाट्टेल ते बोलून हरलो आणि धाकट्या भावावर खेकसलो, की तू दश्शी कशाला टाकलीस. वडील शांतपणे म्हणाले, "बोलला तू, अन् रागावते त्याच्यावर?" पुढे बँकेत कर्ज थकलं की खालच्या माणसावर ढकलायची वेळ यायची. प्रत्येक वेळी ते वाक्य आठवलं. प्रत्येक वेळी पाळलं असं मात्र म्हणवत नाही.

आता माझी चूक सांगतो. मुलाची परवानगी घेऊन लिहितोय. १९९३ साली तो दहावीत होता. एका संध्याकाळी तो मित्रांबरोबर गच्चीत तीनशेचार खेळताना सापडला. पैसा नाही, काही नाही. पण साहेबाचा मुलगा पत्ते कुटतो म्हणजे काय! मी त्याच्या देखत कॅट पाणी तापवायच्या बंबात घातला. आदिलाबादची थंडी तुम्हाला माहीत आहेच, पाणी छान तापलं. त्यानंतर आमच्या घरात पत्ते आले नाहीत. मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला, मी निर्धास्त.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये त्याने मोबाइलवरच्या रमीत चार लाखांच्या वर घालवले. सूनबाईंना कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. मी तावातावाने विचारलं, "अरे, थांबावंसं वाटलं नाही?" तो म्हणाला, "बाबा, समोर कोणी बसलेलंच नसतं ना."

मंडळी, या उत्तरावर मी कित्येक रात्री काढल्या. समोर आजोबा बसलेले असते, काकू बसलेली असती, तर दुसऱ्याच चुकीला कोणीतरी म्हणालं असतं, "बाळा, पास म्हण." पत्ते जाळले म्हणून हे झालं, असा सरळ हिशेब मी मांडत नाही. पण चारचौघांत हरून हसायची सवय जिथे लागते, ती जागा मी स्वतःच्या हाताने बंबात घातली, एवढं नक्की.

कायद्यालाही हा फरक कळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. पुढे मोबाइल आला, तेव्हा तेलंगणाने २०१७ मध्ये ऑनलाइन पैशाच्या रमीवर बंदी घातली आणि २०२५ मध्ये केंद्राचाही कायदा झाला. बंदी आली ती पैसे लावण्यावर. घरातल्या चटईवर नाही. ती घालायला आपण निघालोय.

कोणी म्हणेल, मग मुलांना बुद्धिबळ शिकवा. जरूर शिकवा. पण बुद्धिबळात भिडू नसतो. दुसऱ्याच्या हातात काय आहे ते न बघता त्याच्यावर भरवसा ठेवायचा, आणि तो चुकला तरी पुढच्या डावाला त्याच्याच समोर बसायचं, हे तिथे कुठून येणार?

आणखी एक. १९५६ ला किनवट, राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. नातवंडं शाळेत तेलुगू-इंग्रजी शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात. घरातली मराठी "जेवायला ये" आणि "अभ्यास कर" एवढ्यावर आली आहे. पण गेल्या मे महिन्यात पुण्याची नात सुट्टीला आली, तिला मी तीनशेचार शिकवला. आठ दिवसांत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, उतारी, भिडू, बोली, सगळं तिच्या तोंडात. शेजारच्या मैत्रिणीशी भांडलीसुद्धा, कारण हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक आणि आपल्यात हुकूम म्हणजे ठेवलेला रंग. मराठीसाठी भांडणारं पोर मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं. कोजागरीला हॉलमध्ये पत्ते असावेत, पण नियम लावून. पैसा नाही, चिंचोकेसुद्धा नाहीत. सगळे मोबाइल दाराजवळच्या टोपलीत. प्रत्येक डावाला एक भिडू साठीच्या वरचा आणि एक विशीच्या आतला. आणि बोली फसली तर बोलणाऱ्यानेच उभं राहून "मी जास्त बोललो" असं म्हणायचं. बाराला दूध.

दोन कॅट मी आणतो. सतरा अंगठेवाल्यांपैकी एकाने माझा भिडू व्हावं, अशी विनंती आहे.