मनगटावरचा आकडा आणि पाड्यावरचा दवाखाना

आरोग्य मोजणाऱ्या घड्याळांची लाट ओसरते आहे काय? तानसा परिसराच्या संदर्भात एक विश्लेषण

दीड-दोन हजार रुपयांत नाडी, झोप, पावले आणि रक्तातील प्राणवायू मोजणारे घड्याळ मिळू लागले, त्याला आता काही वर्षे लोटली. मुंबई-ठाण्याच्या लोकलगाड्यांत ते सर्रास दिसते. आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून रोज पहाटे मुंबईच्या दिशेने निघणाऱ्या चाकरमान्यांच्या मनगटावरून ते तानसा परिसरातही पोहोचले आहे. शहापूर आणि मुरबाडच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानांत ते चार्जर आणि इयरफोनच्या शेजारी मांडलेले असते. तथापि, एखादी वस्तू पोहोचणे आणि ती रुजणे यांत मोठे अंतर असते. हे घड्याळ रुजेल काय, हा प्रश्न शहरातील ग्राहकापुरता विचारला जातो. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागात तो विचारला, की त्याचे उत्तर अधिक स्पष्ट मिळते.

विक्रीचा चढ आणि उतार

आधी बाजाराची स्थिती पाहू. २०१५ मध्ये शाओमी कंपनीने भारतात ९९९ रुपयांची 'मी बँड' ही पट्टी आणली आणि पावले मोजण्याचे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याच वर्षी अ‍ॅपलचे घड्याळही जगाच्या बाजारात उतरले. पण भारतात खरी उलाढाल झाली ती नॉईज, बोट, फायर-बोल्ट या देशी नाममुद्रांच्या स्वस्त घड्याळांमुळे. कोविडच्या साथीनंतर आरोग्याविषयीची धास्ती आणि घसरत्या किमती यांचा संयोग झाला. आयडीसी या बाजार संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, ही संख्या सुमारे साडेतीन कोटींवर आली. म्हणजे एका वर्षात एक तृतीयांशाहून अधिक घट झाली.

किमती आणखी उतरत असताना मागणी घटावी, ही बाब विचार करायला लावणारी आहे. वस्तू महाग आहे म्हणून लोक घेत नाहीत, हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. नव्या घड्याळांत जुन्यापेक्षा वेगळे असे फारसे नव्हते, हे कारण व्यापारी वर्तुळात दिले जाते आणि ते खरेही आहे. पण त्याच्या मुळाशी आणखी एक कारण आहे. पहिले काही आठवडे माणूस कुतूहलाने आकडे पाहतो. आज सात हजार पावले झाली, काल पाच हजार झाली होती. नाडीचे ठोके ७८, झोप सहा तास. या आकड्यांचे पुढे करायचे काय, हे त्याला कोणी सांगत नाही. मग एके दिवशी चार्जिंग संपते आणि घड्याळ कपाटात जाते.

आकडा किती खरा?

या घड्याळांच्या अचूकतेविषयीही ग्राहकांच्या मनात संभ्रम आहे. घड्याळाच्या मागील बाजूस हिरवा प्रकाश लुकलुकतो. त्वचेखालील रक्ताचा प्रवाह प्रत्येक ठोक्यागणिक कमी-जास्त होतो, त्यानुसार परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो आणि त्यावरून नाडीचा हिशेब मांडला जातो. प्राणवायूसाठी लाल व अवरक्त किरण वापरले जातात. माणूस स्वस्थ बसला असेल आणि पट्टा नीट बसला असेल, तर नाडीचा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. हात हलता असेल, घाम आला असेल, पट्टा सैल असेल, तर तो चुकतो. स्वस्त पट्ट्या निर्जीव वस्तूंना बांधल्या तरी नाडीचे ठोके दाखवतात, असे प्रयोग लोकांनी करून पाहिले आहेत. मनगटाला फुगणारा पट्टा न लावता रक्तदाब सांगणाऱ्या स्वस्त घड्याळांचा आकडा तर अंदाजच असतो. रक्तातील साखर सुई न टोचता मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. 'हे वैद्यकीय उपकरण नव्हे' अशी ओळ अनेक कंपन्या माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापतात. जाहिरातीत मात्र आरोग्याचीच भाषा असते.

रोज दहा हजार पावले हे लक्ष्यही वैद्यकशास्त्रातून आलेले नाही. जपानमध्ये १९६५ मध्ये 'मान्पो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक', या नावाचे यंत्र विक्रीस आले आणि त्या नावातील आकडा जगभर रूढ झाला. चालणे आरोग्यास हितकारक आहे, हे निर्विवाद. पण दहा हजार ही सीमारेषा व्यापाराने आखलेली आहे.

याचा अर्थ ही घड्याळे निरुपयोगी आहेत, असा नव्हे. अमेरिकेत ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या 'अ‍ॅपल हार्ट स्टडी'चे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ०.५२ टक्के लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. त्यांपैकी ज्यांनी पुढे ईसीजीची पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यातील ३४ टक्के लोकांत हृदयाच्या अनियमित स्पंदनांचा विकार आढळला. यातील महत्त्वाचा दुवा पुढील तपासणीचा आहे. घड्याळाने शंका व्यक्त केली, डॉक्टरांनी दूरध्वनीवरून सल्ला दिला, पट्टी घरी पाठवली गेली आणि मग निदान झाले. घड्याळापाठोपाठची ही साखळी नसती, तर त्या सूचनेतून केवळ भीती उरली असती.

तानसाच्या पलीकडे

तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून त्याचे पाणी मोठमोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. शेजारचे भातसा धरणही मुंबईची तहान भागवते. याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना मात्र उन्हाळा आला की टँकरची वाट पाहावी लागते. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी वस्त्यांतील बायका हंडे घेऊन डोंगरउतारावरून विहिरीपर्यंत फेऱ्या मारतात. शहरातील नोकरदार दहा हजार पावलांचे लक्ष्य गाठण्यासाठी रात्री जेवणानंतर सोसायटीच्या आवारात चकरा मारतो. या बायकांची पावले दुपारच्या आतच भरत असावीत. त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधले तर आकडा उत्तम येईल. त्यांच्या प्रकृतीविषयी मात्र तो आकडा काहीच सांगणार नाही.

कारण येथील मुख्य दुखणी घड्याळाच्या कक्षेत येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय शोधण्यास रक्ताचा थेंब लागतो; बाजारातील सर्वसाधारण घड्याळ हिमोग्लोबिन मोजत नाही. आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकाराच्या निर्मूलनासाठी केंद्राने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तेथेही रक्ततपासणीच लागते. कुपोषणासाठी वजनकाटा हवा आणि सर्पदंशासाठी वेळेत मिळणारी लस. हे घड्याळ बैठ्या कामाच्या, वजन वाढलेल्या, झोप उडालेल्या शहरी माणसाच्या काळज्या समोर ठेवून घडवलेले आहे, याचे भान ठेवले पाहिजे.

रक्तदाब आणि मधुमेह आता ग्रामीण भागातही वाढत आहेत, हे खरे. तेव्हा घड्याळाने इशारा दिला, असे क्षणभर धरून चालू. पुढे काय? पाड्याजवळ उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग शहापूरचे उपजिल्हा किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि तेथून बहुधा ठाणे, कळवा किंवा उल्हासनगर, असा हा प्रवास असतो. आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २० हजारांमागे एक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. पण पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला डोलीत घालून खाली आणल्याच्या बातम्या या तालुक्यांतून पुन:पुन्हा येतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. पण ती जेथवर रस्ता आहे तेथवरच. डोंगरकुशीतील वस्त्यांत मोबाईलची रेंजही बेभरवशाची, आणि मोबाईलशी जोडले नाही तर या घड्याळाचा निम्मा उपयोग संपतो.

ऑक्सिमीटर का रुजला?

याच भागात मापनाचे एक छोटे यंत्र मात्र पाहता पाहता घरोघर ओळखीचे झाले होते. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम हाती घेतली. आशा सेविका आणि स्वयंसेवकांची पथके ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार गेली. बोटाला चिमटा लावायचा, आकडा पाहायचा, ९५ च्या खाली असेल तर फीव्हर क्लिनिककडे पाठवायचे, इतका साधा नियम होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हे यंत्र मिळेनासे झाले. अक्षरओळख नसलेली माणसेही ९५ या आकड्याचा अर्थ जाणू लागली होती.

ऑक्सिमीटरही निर्दोष नव्हता. सावळ्या त्वचेवर तो प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवू शकतो, हे अमेरिकेतील रुग्णांवरील अभ्यासातून डिसेंबर २०२० मध्ये पुढे आले होते. तरीही तो टिकला. कारण आकडा घसरला तर कोठे जायचे, हे ठरलेले होते आणि तो वाचणारी व्यक्ती गावच्या ओळखीची होती. रक्तदाबाच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. त्याचे सूत्र साधे आहे: नियमित मापन, ठरावीक गोळ्या, रुग्णाच्या नावाची नोंद आणि तो आला नाही तर त्याचा पाठपुरावा. यंत्र स्वस्त की महाग, यापेक्षा पाठपुरावा होतो की नाही, यावर या उपक्रमाचे यश अवलंबून राहते.

आकडा कोणासाठी?

घड्याळाचा आणखी एक चेहरा दुर्लक्षून चालणार नाही. नागपूर महापालिकेने आपल्या सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळे बांधण्याची सक्ती केली. चंडीगड आणि पंचकुला येथेही असेच झाले. कामगार जागेवर आहे की नाही, किती वेळ थांबला, हे या घड्याळांतून वरिष्ठांना दिसू लागले. त्यावरून पगार कापले जात असल्याच्या तक्रारी झाल्या आणि आपल्यावर पाळत ठेवली जात असल्याची भावना कामगारांत पसरली. भिवंडी-पडघ्याची गोदामे आणि मुरबाडची औद्योगिक वसाहत यांत तानसा परिसरातील अनेक तरुण राबतात. उद्या त्यांच्या मनगटावर मालकाने दिलेले घड्याळ आले, तर त्यातून दिसणारी नाडी आणि विश्रांतीची मिनिटे कोणाच्या उपयोगाची असतील, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

शहरातील ग्राहकालाही तो लागू आहे. काही आरोग्य विमा कंपन्या पुरेसे चालणाऱ्या ग्राहकाला हप्त्यात लाभ देतात. येथे आकड्याला फळ मिळते, म्हणून तो ग्राहक घड्याळ नेमाने बांधतो. पण चालल्याबद्दल सवलत देणारी व्यवस्था उद्या न चालल्याबद्दल दंड करू लागली, तर काय? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. आरोग्याच्या माहितीला या कायद्यात वेगळे, अधिक कडक कवच मात्र नाही.

टिकेल ते कोठे?

या साऱ्याचा मथितार्थ असा, की हे घड्याळ नाहीसे होणार नाही. पण जाहिराती सांगतात तसे ते घराघरांतील डॉक्टरही होणार नाही. जेथे आकड्याला ठरलेले उत्तर आहे, तेथे ते टिकेल. हृदयविकाराचा रुग्ण आणि त्याची नोंदवही पाहणारा डॉक्टर, मॅरेथॉनची तयारी करणारा धावपटू, पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणारा गावाकडचा तरुण, यांना त्याचा उपयोग नेमका ठाऊक आहे. ज्याला तो ठाऊक नाही, त्याचे घड्याळ कपाटात जाईल, मग तो दादरचा असो वा खर्डीचा. विक्रीच्या घसरणीने हेच दाखवून दिले आहे.

धोरणकर्त्यांसाठीही यात एक सावधगिरीचा इशारा आहे. दुर्गम भागांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवून उपकरणे वाटणे सोपे असते. त्याचे छायाचित्र चांगले येते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर खर्च करण्यास पैसा उपलब्ध असेल, तर तो आधी आशा सेविकेच्या हातातील रक्तदाब यंत्रावर, उपकेंद्रातील गोळ्यांच्या साठ्यावर आणि पावसाळ्यात वाहून न जाणाऱ्या रस्त्यावर व्हावा. ते झाले, तर मनगटावरच्या घड्याळालाही काही अर्थ येईल. मुंबईने या परिसरातून सव्वाशेहून अधिक वर्षे पाणी नेले आहे. त्या बदल्यात तेथे घड्याळाच्या आधी दवाखाना पोहोचावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.